परवलीचा शब्द नेमका कोणाचा? : घरातील संगणक आणि फायलींची देवाणघेवाण

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
• एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील फाइल उघडताना येणारी पासवर्डची चौकट कोण दाखवतो आणि का, हे सांगता येईल.
• वाय-फायचा पासवर्ड, पिन आणि वापरकर्त्याचा पासवर्ड यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• ओळख आणि अधिकार या दोन संकल्पना वेगळ्या करता येतील.
• घरातील अभ्याससाहित्य सुरक्षितपणे सामायिक करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या अभ्यासकाला आज लेखणीइतकाच संगणकही जवळचा झाला आहे. स्वाध्याय टंकलिखित करणे, जुन्या ग्रंथांची छायांकित पाने जपून ठेवणे, मुद्रितशोधन करणे ही कामे आपण संगणकावरच करतो. घरात दोन संगणक असले की एकावरील मजकूर दुसऱ्यावर नेण्याची गरज पडते. त्यासाठी दरवेळी पेनड्राइव्ह शोधण्याऐवजी घरातील वाय-फायच्या जाळ्यातूनच फाइल उघडता आली तर सोयीचे होते. ही सोय विंडोज प्रणालीत आहे. परंतु ती वापरू लागताच पडद्यावर एक चौकट उभी राहते आणि नाव व पासवर्ड मागते.

एक प्रसंग कल्पू. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधींमुळे मराठीच्या विद्यार्थ्याला परिचित असलेले बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गाव. तेथील एका घराच्या बाहेरच्या खोलीत थोरला भाऊ टंकलेखन, झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवतो. पीक विम्याचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, सातबाऱ्याचे उतारे, ऊसतोडीला निघण्यापूर्वी कामगारांना लागणाऱ्या कागदपत्रांच्या प्रती, अशी कामे तेथे दिवसभर चालतात. आतल्या खोलीत धाकटी बहीण लॅपटॉपवर बी. ए. मराठीचा अभ्यास करते. तिने एका दुर्मिळ पुस्तकाची साठ पाने भावाच्या स्कॅनरवर उतरवली आहेत आणि ती दुकानातील संगणकात ‘अभ्यास’ या फोल्डरमध्ये आहेत. रात्री ती लॅपटॉपवरून तो फोल्डर उघडू पाहते. चौकट येते. ती आपला पिन टाकते. तो नाकारला जातो. वाय-फायचा पासवर्ड टाकते. तोही नाकारला जातो. शेवटी भाऊ म्हणतो, “अगं, घरातलेच तर आहोत आपण. पासवर्डची भानगडच बंद करून टाकू.”

तिचा पिन का चालला नाही आणि भावाचा उपाय का करू नये, हे दोन प्रश्न या पाठाचा विषय आहेत. दोन्हींची उत्तरे एकाच गोष्टीत दडलेली आहेत : ती चौकट आपल्या पडद्यावर दिसत असली तरी तिच्यातील प्रश्न समोरचा संगणक विचारत असतो.

२. प्रश्न कोण विचारतो?

दोन संगणकांमध्ये फाइलची देवाणघेवाण होते तेव्हा एक संगणक देणारा असतो आणि दुसरा मागणारा. देणाऱ्याला आपण ‘यजमान संगणक’ म्हणू. वरील प्रसंगात दुकानातील संगणक यजमान आहे आणि बहिणीचा लॅपटॉप मागणारा आहे. घरातील संगणकांत कोणी कायमचा यजमान नसतो. उद्या भावाने लॅपटॉपवरील फाइल मागितली तर भूमिका बदलतील.

विंडोज संगणक हा संवाद ‘एसएमबी’ नावाच्या नियमसंचानुसार करतात. संगणकशास्त्रात अशा नियमसंचाला ‘प्रोटोकॉल’ म्हणतात. एसएमबीचा आरंभ १९८० च्या दशकात आयबीएम कंपनीत झाला आणि पुढे मायक्रोसॉफ्टने तो विकसित केला. या नियमांनुसार यजमान संगणक फाइल देण्यापूर्वी मागणाऱ्याची ओळख विचारतो. आपण आपल्या लॅपटॉपवर पिन टाकून आत आलो आहोत, हे यजमानाला ठाऊक नसते. आणि ठाऊक असले तरी तो ते प्रमाण मानणार नाही. त्याच्याजवळ स्वतःची एक नोंदवही असते. त्या नोंदवहीतील ‘खाती’ म्हणजेच त्याच्या ओळखीची माणसे. मागणाऱ्याने दिलेले नाव त्या नोंदवहीत असले आणि त्यापुढील पासवर्ड जुळला, तरच दार उघडते.

म्हणून चौकट दिसताच स्वतःला विचारावयाचा पहिला प्रश्न ‘माझा पासवर्ड कोणता?’ हा नाही. ‘यजमान संगणक मला कोणत्या नावाने ओळखतो?’ हा आहे.

३. एक शब्द, अनेक अर्थ

‘पासवर्ड’साठी मराठीत ‘परवलीचा शब्द’ हा सुंदर प्रतिशब्द आहे. ‘संकेतशब्द’ हाही रूढ आहे. परवलीच्या शब्दामागे पहाऱ्याची कल्पना आहे. रात्री पहारेकऱ्यासमोर आलेल्या माणसाने ठरलेला शब्द उच्चारावयाचा आणि मगच त्याला आत घ्यावयाचे. बीड जिल्ह्यातील धारूरचा किल्ला आपण पाहिला असेल, तर हे चित्र डोळ्यांसमोर आणणे सोपे जाईल. किल्ल्याला एकाहून अधिक दरवाजे असले आणि प्रत्येक दरवाजाचा शब्द निराळा असला, तर बाहेरच्या दरवाजाचा शब्द आतल्या दरवाजावर सांगून उपयोग नाही. आपल्या घरातील संगणकांबाबत नेमका हाच गोंधळ होतो. कारण चार वेगवेगळ्या गोष्टींना आपण बोलताना सरसकट ‘पासवर्ड’ म्हणतो.

(अ) वाय-फायचा पासवर्ड : हा राउटरचा शब्द आहे. तो दिल्यावर आपला संगणक घराच्या जाळ्यात येतो, एवढेच. जाळ्यातील कोणत्या संगणकातील काय पाहता येईल, याच्याशी त्याचा संबंध नाही.

(आ) पिन : चार किंवा अधिक अंकांचा हा संकेत ज्या यंत्रावर तयार केला त्या यंत्रापुरताच असतो. तो जाळ्यातून दुसऱ्या संगणकाला देता येत नाही. बोटाच्या ठशाचे किंवा चेहऱ्याच्या ओळखीचेही तसेच आहे.

(इ) मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड : ईमेलच्या पत्त्याने विंडोजमध्ये प्रवेश करणाऱ्यांचा हा पासवर्ड होय. अनेकांनी तो संगणक घेतला त्या दिवशी एकदाच टाकलेला असतो; नंतर रोज पिनच वापरल्याने तो विस्मरणात जातो.

(ई) स्थानिक खात्याचा पासवर्ड : ज्या खात्याची नोंद केवळ त्या एका संगणकात आहे, त्या खात्याचा हा पासवर्ड.

चौकटीत तिसरा किंवा चौथा प्रकार चालतो. तोही यजमान संगणकावर ज्याची नोंद आहे असाच. बहिणीने पहिला आणि दुसरा प्रकार वापरून पाहिला. तिची स्मरणशक्ती चुकली नव्हती, दरवाजा चुकला होता.

४. शब्द न उच्चारता ओळख कशी पटते?

पहारेकऱ्याला शब्द मोठ्याने सांगण्यात एक धोका आहे. झाडाआड कोणी लपले असेल तर तो शब्द ऐकेल आणि मागाहून तोच वापरेल. संगणकांनी या अडचणीवर मार्ग काढला आहे. यजमान संगणकाजवळ पासवर्ड जसाच्या तसा साठवलेला नसतो. गणिती क्रियेने मिळवलेला त्याचा ठसा असतो. मागणी येताच यजमान एक यादृच्छिक, म्हणजे कोणताही ठरलेला क्रम नसलेली, संख्या पाठवतो. मागणारा संगणक आपल्या पासवर्डचा ठसा आणि ती संख्या यांवरून एक उत्तर तयार करून परत पाठवतो. यजमान स्वतःजवळच्या ठशावरून तेच गणित करतो आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहतो. उत्तरे जुळली तर पासवर्ड बरोबर आहे, हे सिद्ध होते. आणि पासवर्ड मात्र जाळ्यातून गेलेलाच नसतो. प्रत्येक वेळी संख्या नवी असल्याने जुने उत्तर चोरूनही पुन्हा वापरता येत नाही.

या पद्धतीवरून एक व्यवहारोपयोगी गोष्ट कळते. चौकट दाखवण्यापूर्वी विंडोज आपल्या नकळत एक प्रयत्न करून पाहते : आपण ज्या नावाने व पासवर्डाने लॅपटॉपवर आलो आहोत, तेच ते यजमानापुढे सादर करते. दोन्ही संगणकांवर एकाच नावाचे आणि एकाच पासवर्डाचे खाते असेल, तर हा प्रयत्न यशस्वी होतो आणि चौकट येतच नाही. शेजारच्या घरात चौकट येत नाही आणि आपल्या घरात येते, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

५. बरोबर शब्दही नाकारला जातो तेव्हा

आपण यजमानाच्या नोंदवहीतील नाव व पासवर्ड अचूक दिला, तरीही ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असा संदेश येऊ शकतो. त्याची नेहमी आढळणारी कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिले कारण, कळफलक मराठीत असणे. मराठीच्या विद्यार्थ्याला हे विशेष लक्षात ठेवावे लागते. आपण इन्स्क्रिप्ट कळफलकावर मजकूर लिहीत असतो आणि मध्येच चौकट येते. आपली बोटे रोमन अक्षरांच्या कळा दाबतात. परंतु कळफलक मराठीच राहिल्याने देवनागरी अक्षरे उमटतात. पासवर्डच्या जागी केवळ ठिपके दिसत असल्याने चूक डोळ्यांना दिसत नाही. विंडोजची कळ व स्पेसबार एकत्र दाबून कळफलक इंग्रजी करावा आणि मग पासवर्ड टाकावा. चौकटीत डोळ्याचे चिन्ह असल्यास ते दाबून अक्षरे तपासता येतात.

दुसरे कारण, पासवर्डच नसणे. घरचा संगणक म्हणून पुष्कळ जण खात्याला पासवर्ड ठेवत नाहीत. अशा खात्याने प्रत्यक्ष संगणकासमोर बसून काम करता येते. मात्र जाळ्यातून ते खाते वापरण्यास विंडोज मुळातच मनाई करते. त्यामुळे पासवर्डची जागा रिकामी सोडून उपयोग होत नाही.

तिसरे कारण, नाव अपुरे असणे. केवळ ‘अभ्यासिका’ असे नाव दिले तर ते कोणत्या संगणकावरील खाते आहे, याबाबत घोटाळा होऊ शकतो. म्हणून आधी यजमान संगणकाचे नाव, मग उलटी तिरकी रेघ आणि मग खात्याचे नाव, असे लिहावे, उदाहरणार्थ, ‘दुकान\अभ्यासिका’. प्रत्यक्षात संगणकाची व खात्याची नावे रोमन लिपीतच ठेवणे सोयीचे ठरते. मायक्रोसॉफ्ट खाते असल्यास नावाच्या जागी पूर्ण ईमेल पत्ता द्यावा लागतो.

चौथे कारण, जुनी आठवण. चौकटीत ‘माझी ओळख लक्षात ठेवा’ अशा अर्थाचा पर्याय असतो. तो निवडल्यास विंडोज नाव व पासवर्ड ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये साठवते. पुढे यजमानावरचा पासवर्ड बदलला तरी मागणारा संगणक जुनाच पासवर्ड सादर करीत राहतो. अशा वेळी ‘कंट्रोल पॅनल’मधून ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडून ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’मधील त्या संगणकाची जुनी नोंद काढून टाकावी.

पाचवे कारण, पत्ता बदलणे. काही जण यजमानाला नावाऐवजी त्याच्या आयपी पत्त्याने, म्हणजे जाळ्यातील अंकी पत्त्याने, हाक मारतात. वीज जाऊन आली आणि राउटर पुन्हा सुरू झाला, की तो संगणकांना नवे पत्ते वाटू शकतो. साठवलेली ओळख जुन्या पत्त्याच्या नावे असते. म्हणून काल न विचारणारा संगणक आज पुन्हा विचारू लागतो. भारनियमनाच्या गावात हा अनुभव नवा नाही. पत्त्याऐवजी संगणकाचे नाव वापरल्यास ही अडचण बहुधा टळते.

सहावे कारण, एकाच वेळी दोन ओळखी. एका संगणकाशी एका नावाने जोडणी झालेली असताना त्याच संगणकाशी दुसऱ्या नावाने जोडणी करू गेल्यास विंडोज ती नाकारते. आधीची जोडणी तोडून किंवा लॅपटॉप पुन्हा सुरू करून मग नव्या नावाने प्रयत्न करावा.

६. ओळख आणि अधिकार

येथे एक संकल्पना नीट समजून घेऊ. नाव व पासवर्ड जुळले म्हणजे ओळख पटली. ओळख पटलेल्या व्यक्तीला काय करू द्यावयाचे, हा त्यापुढचा निराळा प्रश्न आहे. त्याला अधिकार म्हणतात. ग्रंथालयात ओळखपत्र दाखवून आपण आत जातो. तेथे पुस्तक वाचता येते, परंतु त्यावर लिहिता येत नाही आणि दुर्मिळ ग्रंथांचे कपाट उघडता येत नाही.

संगणकातही तसेच आहे. पासवर्डची चौकट स्वीकारली गेली आणि त्यानंतर ‘प्रवेश नाकारला’ असा संदेश आला, तर पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नसतो. ओळख पटलेली असते. अधिकार दिलेला नसतो. हा अधिकार दोन ठिकाणी तपासला जातो : एकदा फोल्डर जाळ्यावर खुला करताना ठरवलेल्या परवानगीत आणि दुसऱ्यांदा डिस्कवरील फोल्डरच्या स्वतःच्या परवानगीत. दोहोंत अधिक कडक असेल ती परवानगी लागू होते. या दोन संदेशांतील भेद ओळखता आला की दुरुस्ती कोठे करावयाची, ते चटकन कळते.

७. योग्य रीत

आता अंबाजोगाईच्या त्या घरात काय करावे, ते क्रमाने पाहू. पहिल्या पाच पायऱ्या यजमान संगणकावर, म्हणजे दुकानातील संगणकावर, करावयाच्या आहेत.

(१) सेटिंग्जमधील वाय-फायच्या तपशिलात जाऊन घरचे जाळे ‘प्रायव्हेट’ असे ठरवावे. बसस्थानक किंवा उपाहारगृहातील जाळे मात्र ‘पब्लिक’च ठेवावे.

(२) सेटिंग्जमधील खात्यांच्या विभागात एक नवे स्थानिक खाते तयार करावे. त्याला ‘अभ्यासिका’ असे साधे नाव द्यावे. हे खाते सामान्य वापरकर्त्याचे असावे. व्यवस्थापकाचे अधिकार त्याला देऊ नयेत.

(३) त्या खात्याला खरा पासवर्ड द्यावा. मोबाइल क्रमांक, जन्मतारीख किंवा गावाचे नाव टाळावे. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द, उदाहरणार्थ विहीर, कंदील, ज्वारी, पायरी अशा धर्तीचे, रोमन लिपीत जोडून लिहिल्यास लक्षात ठेवणे सोपे आणि ओळखणे कठीण असा पासवर्ड तयार होतो. उदाहरणातील शब्द मात्र वापरू नयेत. आपले शब्द आपण निवडावेत.

(४) केवळ ‘अभ्यास’ हा फोल्डर निवडून त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘शेअरिंग’ भागात जावे आणि तो ‘अभ्यासिका’ या खात्यासाठीच खुला करावा. पाने फक्त वाचावयाची असतील तर ‘रीड’ हाच अधिकार द्यावा. संपूर्ण डिस्क कधीही खुली करू नये.

(५) ‘अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ चालू असल्याची खात्री करावी.

(६) आता बहिणीच्या लॅपटॉपवर फोल्डर उघडावा. चौकट आल्यावर ‘दुकान\अभ्यासिका’ हे नाव आणि नवा पासवर्ड द्यावा; लॅपटॉप तिचा एकटीचा असेल तर ओळख लक्षात ठेवण्याचा पर्याय निवडावा.

यापुढे तिला चौकट दिसणार नाही. पहारा जागेवर राहील आणि तिला मात्र अडवणार नाही. भावाला हवी होती ती सोय एवढ्यानेच साधते.

विंडोज ७ पासून (२००९) घरगुती वापरासाठी ‘होमग्रुप’ नावाची सोपी सोय होती. घरातील सर्व संगणकांना एकच सामायिक पासवर्ड देऊन काम भागत असे. २०१८ मधील विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ती काढून टाकण्यात आली. म्हणून जुन्या पुस्तकातील किंवा जुन्या संगणकवर्गात शिकलेली होमग्रुपची रीत आता शोधूनही सापडणार नाही.

८. पहारा उठवण्याचा मोह

भावाचा उपाय आता तपासून पाहू. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करता येते. तसे केले की यजमान संगणक अनोळखी मागणाऱ्यालाही ‘अतिथी’ म्हणून आत घेतो आणि ‘सर्वांसाठी’ खुले केलेले फोल्डर त्याला दिसतात. “घरातलेच तर आहोत” हा भावाचा युक्तिवाद आहे. परंतु वाय-फायच्या जाळ्यात घरातलेच असतात का? अर्ज भरावयास आलेल्या ग्राहकाला मोबाइलवरील कागद पाठवावयाचा असतो, म्हणून त्याला वाय-फायचा पासवर्ड दिला जातो. कधी तो दुकानाच्या भिंतीवरच चिकटवलेला असतो. ज्याने तो एकदा वापरला, त्याचा मोबाइल पुढच्या वेळी रस्त्यावरूनही आपोआप जाळ्यात येऊ शकतो. संगणकाच्या दृष्टीने तोही घरातलाच.

आणि दुकानातील संगणकात काय असते? शेकडो लोकांच्या आधार कार्डांच्या प्रती, बँकेच्या पासबुकांची पहिली पाने, सातबारे, जातीचे दाखले, छायाचित्रे. ही माहिती भावाची नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाने विश्वासाने ठेवलेली ती ठेव आहे. ती कोणी उचलून नेली तर कुलूप फुटल्याचे दिसत नाही की वस्तू नाहीशी झाल्याचे कळत नाही. मूळ प्रत जागेवरच असते. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणविषयक कायद्यानेही अशी माहिती हाताळणाऱ्यावर तिच्या सुरक्षिततेसाठी वाजवी खबरदारी घेण्याची जबाबदारी टाकली आहे. केंद्रासाठी वेगळे आणि ग्राहकांसाठी वेगळे ‘गेस्ट’ वाय-फाय ठेवण्याची सोय अनेक राउटरांत असते; ती वापरावी.

दुसरा धोका फायली नष्ट होण्याचा आहे. २०१७ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. एसएमबीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीच्या विंडोजमधील रचनेत एक दोष आढळला आणि १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती प्रसिद्ध केली. ज्यांनी ती बसवली नव्हती, अशा जगभरातील संगणकांत १२ मे २०१७ पासून ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर आज्ञासंच पसरला. तो फायली कुलूपबंद करून त्या सोडवण्यासाठी पैसे मागत असे. त्यानंतर २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ आला. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेब-प्रणालीच्या अद्ययावतीकरणातून झाली. पण त्याची झळ महाराष्ट्रापर्यंत पोहोचली. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

नॉटपेट्या दोन वाटांनी पसरत होता. एक वाट एसएमबीमधील त्या दोषाची होती. दुसरी अधिक बोधप्रद आहे : बाधित संगणकाच्या स्मृतीतून तो व्यवस्थापकांची नावे व पासवर्ड उचलत असे आणि तीच ओळख सांगून शेजारच्या संगणकात शिरत असे. म्हणजे पासवर्ड असणे आवश्यक आहे. परंतु एकाच मोठ्या अधिकाराचा पासवर्ड सर्व संगणकांवर वापरणे धोक्याचे आहे. सातव्या भागात आपण मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते तयार केले आणि शक्य तेथे केवळ वाचण्याचा अधिकार दिला, त्यामागील कारण हेच. एखाद्या ग्राहकाच्या पेनड्राइव्हमधून बिघाड लॅपटॉपवर आलाच, तर ज्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार नाही त्यातील फायली तो त्या वाटेने बदलू शकणार नाही.

या अनुभवांनंतर विंडोजनेही आपले नियम क्रमाक्रमाने कडक केले. एसएमबीची पहिली आवृत्ती नव्या संगणकांत मुळातच बंद असते. २०२४ मधील विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ‘प्रो’ प्रकारातही अतिथी म्हणून दुसरीकडे प्रवेश करण्यास सुरुवातीलाच मनाई आहे. राउटरला जोडलेली, पासवर्ड न विचारणारी जुनी डिस्क नव्या लॅपटॉपवर उघडेनाशी होते, ती पुष्कळदा याच कारणाने. अशा वेळी लॅपटॉपवरील मनाई उठवण्यापेक्षा त्या डिस्कला नाव व पासवर्ड देणे श्रेयस्कर.

या सर्वांबरोबर एक जुनी सवय मात्र सोडू नये. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत जाळ्यापासून अलग असलेल्या डिस्कवर ठेवावी आणि काम झाल्यावर ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. पहारा कितीही चांगला असला तरी त्या साठ पानांची दुसरी प्रत असणे हीच शेवटची निश्चिंती.

९. सारांश

दुसऱ्या संगणकावरील फाइल मागताना दिसणारी पासवर्डची चौकट आपल्या पडद्यावर असते. तिच्यातील प्रश्न यजमान संगणकाचा असतो. म्हणून उत्तरही त्याच्या नोंदवहीतील नाव व पासवर्ड हेच असावे लागते. वाय-फायचा पासवर्ड आणि पिन येथे उपयोगी पडत नाहीत. ओळख पटणे आणि अधिकार असणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहारा उठवल्याने जी सोय मिळते, ती वेगळे मर्यादित खाते तयार करून आणि ओळख एकदा साठवूनही मिळते. आणि मग इतरांची ठेव उघड्यावर पडत नाही.

१०. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(१) पिन बरोबर असूनही यजमान संगणक तो का स्वीकारत नाही, ते चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.
(२) ‘पासवर्ड चुकीचा आहे’ आणि ‘प्रवेश नाकारला’ या दोन संदेशांतील फरक स्वतःच्या उदाहरणाने सांगा.
(३) यजमान संगणक पासवर्ड जाळ्यातून न मागवता ओळख कशी पटवून घेतो?
(४) आपल्या गावातील ऑनलाइन सेवा केंद्रात कोणकोणत्या प्रकारची वैयक्तिक माहिती साठते, याची यादी करा आणि ती सामायिक करताना घ्यावयाच्या खबरदारीवर केंद्रचालकासाठी दीडशे शब्दांचे सूचनापत्र सोप्या मराठीत लिहा.